ताकद वाढवण्याआधी डिफ बदला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे. हल्ली तिथं येणाऱ्या तरुण मुलांनी गाडीवर कशानंतर काय खर्च केला असेल, हे मला न विचारता कळतं. आधी एअर फिल्टर, मग एक्झॉस्ट, मग ईसीयूचा रिमॅप. रिमॅपनं टॉर्क वाढतो, मूळ क्लचला तो पेलत नाही, क्लच घसरायला लागतो आणि तेव्हा गाडी माझ्या रॅम्पवर येते. क्लच मी बदलून देतेच, पण त्याच वेळी सांगते, "बाळांनो, गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे. पुढचे पैसे इंजिनावर घालू नका, डिफरन्शियलवर घाला." बहुतेकांना ते पटत नाही. "ताई, त्यानं एचपी किती वाढेल?" असं विचारतात. एक एचपीसुद्धा वाढत नाही, म्हटलं की विषय संपतो. अश्वशक्तीचा आकडा डायनोच्या कागदावर छापून मिळतो, मित्रांना दाखवता येतो. डिफ बिचारा गिअरबॉक्सच्या पोटात. बॉनेट उघडलं तरी दिसत नाही.

रॅम्पखाली उभं राहून पाच मिनिटांत हे समजावता येत नाही, म्हणून लिहायला बसले. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी खरोखर वेगवान करायची असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी तिला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवावा. आणि ज्या कंपन्या मागच्या दारावर 'जीटी', 'स्पोर्ट' अशी अक्षरं चिकटवून जास्तीचे पैसे घेतात, त्यांनी तो कारखान्यातूनच बसवून द्यावा.

डिफरन्शियल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी गळिताच्या हंगामात उसाच्या फडातून निघणारा ट्रॅक्टर बघावा. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली, तर एक तरी घासत ओढलं जाणार. म्हणून दोन चाकांच्या मध्ये गिअरची एक जुळणी असते. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यानं 1820च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. ही जुळणी दोन्ही चाकांना वेग वेगवेगळा घेऊ देते, टॉर्क मात्र दोघांना सारखाच वाटते. खोट नेमकी इथं आहे. ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरागरा फिरायला लागलं, की त्या चाकाला फिरायला जेवढा टॉर्क लागतो तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. भरलेली ट्रॉली जागची हलत नाही. मग ड्रायव्हर टाचेनं डिफ लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. आला की पेडल सोडायचं, ते दाबून ठेवून वळायचं नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवलेल्या मुलांना दुसरं टोक माहीत असतं. कार्टला डिफ नसतोच, मागचा एक्सल अखंड. म्हणून वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित सुटेल अशीच कार्टची बांधणी करतात. ते सुटलं नाही, तर कार्ट वळायचं नाव घेत नाही. सुट्या डिफचा ट्रॅक्टर आणि बांधलेल्या एक्सलची कार्ट या दोन टोकांच्या मध्ये लिमिटेड स्लिप डिफ बसतो. चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो, पण एक चाक सुटायला लागलं की दुसऱ्याला जास्त टॉर्क देतो.

चिखल नसताना, चांगल्या डांबरी वळणावर त्याची गरज काय, हा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. 1200 किलोची गाडी घेऊ. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे साधारण 60 टक्के वजन पुढच्या एक्सलवर, म्हणजे 720 किलो, प्रत्येक पुढच्या चाकावर 360. जोरात घेतलेल्या वळणात आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकाकडे सरकतं. ढोबळ मानानं 180 किलो सरकले असं धरा. आतल्या चाकावर उरले 180, बाहेरच्यावर झाले 540. चांगल्या टायरची कोरड्या रस्त्यावरची पकड वजनाइतकीच धरली, तर आतलं चाक 180 किलोच्या पलीकडे जोर लावू शकत नाही. साधा डिफ दोघांना सारखंच देतो, त्यामुळे बाहेरचं चाक 540 पेलायला तयार असूनही त्याला 180च मिळतात. एकूण जोर 360. आता असा डिफ बसवा, की जो जास्त पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या अडीचपट टॉर्क देऊ शकतो. आतल्याला 180, बाहेरच्याला 450, एकूण 630. टायरची काही पकड वळण्यातही खर्च होते, म्हणून प्रत्यक्षातला फायदा याहून कमी असतो. पण दिशा हीच.

इंजिनाकडून काय येतं तेही बघू. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हर्टस किंवा स्लावियाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन मीटर आहे. दुसऱ्या गिअरमध्ये गिअर आणि क्राऊन मिळून तो अंदाजे आठपट होतो, म्हणजे चाकांपाशी 2000. टायरची त्रिज्या 31 सेंटिमीटर धरली, तर रस्त्यावर जवळपास 650 किलोचा जोर पोचतो. वळणातून बाहेर पडताना साधा डिफ त्यातला 360च रस्त्याला देऊ शकतो. उरलेलं आतल्या टायरच्या धुरात जातं, नाहीतर संगणक इंजिनाचा गळा आवळतो. म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनाचीच ताकद त्या जागी वापरता येत नाही आणि आपण त्यात आणखी तीस एचपी ओततो! तीच गाडी, तेच इंजिन, पण डिफ चांगला असेल तर तो जोर जवळजवळ सगळा कामाला येतो. माझा सगळा आग्रह या एका हिशेबावर उभा आहे.

नव्या गाड्यांच्या जाहिरातीत इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक असे शब्द असतात. ग्राहकाला वाटतं, झालं, आपल्याकडे आहेच. बहुतेक गाड्यांत तो वेगळा डिफ नसतो. ईएसपीची यंत्रणा फिरणाऱ्या आतल्या चाकाला ब्रेक लावते, त्या चाकाला खोटा भार मिळतो आणि साधा डिफ तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकाला देतो. रोजच्या वापरासाठी ही व्यवस्था चांगली आहे, पावसाळ्यात तिनं कित्येकांना वाचवलं असेल. पण इंजिनानं दिलेली ताकद ब्रेक पॅडमध्ये जाळून गाडी पुढे काढायची, ही वेगवान गाडीची रीत नव्हे. ट्रॅकवर चार फेऱ्यांत पुढचे ब्रेक तापतात आणि यंत्रणा हळूहळू हात आखडता घेते.

खरा डिफ देणाऱ्या गाड्या आपल्याकडे आल्या, पण मूठभर. 2020 मध्ये स्कोडानं ऑक्टाव्हिया आरएस 245च्या 200 गाड्या भारतात आणल्या, त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा क्लच असलेला डिफ होता. 2025 मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयमध्येही त्याच जातीचा आहे. दोन्ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या. ह्युंदाईची आय20 एन युरोपात 204 पीएसचं इंजिन आणि यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफ घेऊन विकली गेली. आपल्याला जवळपास त्याच नावाची आय20 एन लाइन मिळाली, 120 पीएसची, साध्या डिफची. लाल शिलाईची सीट आणि वेगळं बंपर हे मिळालं. आपला ग्राहक विचारतच नाही, म्हणून कंपनी देत नाही, आणि कंपनी देत नाही म्हणून ग्राहकाला विचारायचं असतं हे कळत नाही.

आतलं चाक सुटण्याचा हा प्रश्न जगात जुना आहे. 1930च्या दशकात ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या रेस गाड्यांचं आतलं मागचं चाक वळणातून निघताना नुसतंच फिरत राहायचं, तेव्हा फर्डिनांड पोर्श यांनी जर्मनीच्याच झेडएफ कंपनीकडून त्यावर उपाय करून घेतला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तो यायला वेळ लागला, कारण तिथं तीच चाकं ओढतात आणि वळवतात. डिफनं एका बाजूला जास्त टॉर्क दिला की स्टेअरिंग हातातून खेचलं जातं. 2002 च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये इंग्लंडच्या क्वेफ कंपनीचा हेलिकल डिफ होता. गाडी विलक्षण चिकटून जायची आणि खडबडीत रस्त्यावर स्टेअरिंगशी कुस्तीही खेळायला लावायची. दोन्ही गोष्टींसाठी ती अजून आठवली जाते. 2009 ची पुढची आरएस 305 पीएसची होती. तिच्यात फोर्डनं डिफ ठेवलाच, शिवाय पुढच्या हबची रचना बदलली. त्यामुळे चाकाचा मध्य आणि चाक ज्या आसावर वळतं तो आस यांतलं अंतर कमी झालं, आणि खेचणंही आटोक्यात आलं. होंडानं 1995 च्या इंटेग्रा टाइप आरमध्येही हेलिकल डिफ दिला होता. नुरबुर्गरिंगवर 2008 मध्ये रेनोच्या मेगान आर26.आरनं पुढच्या चाकांवरच्या गाड्यांसाठी 8 मिनिटं 17 सेकंदांची वेळ लावली, 2023 मध्ये सिव्हिक टाइप आरनं 7 मिनिटं 44.881 सेकंदांची. दोन्ही गाड्यांच्या पोटात यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफ. अश्वशक्ती पंधरा वर्षांत वाढली, टायर सुधारले, पण तो भाग कुणी काढला नाही.

आता कुठला डिफ घ्यायचा. यावर माझं मत पक्कं आहे. बाजारात मुख्य दोन जाती मिळतात. प्लेटचा डिफ म्हणजे मोटरसायकलच्या क्लचसारखा एकावर एक रचलेल्या चकत्यांचा गठ्ठा. टॉर्क आला की आतल्या तिरक्या कडा पसरतात, चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. तो किती आणि कधी बांधला जावा हे स्प्रिंगच्या आधीच्या दाबावर आणि त्या कडांच्या कोनावर ठरवता येतं. रॅलीवाल्यांना तो हवा असतो, आणि बरोबर आहे, मातीत एखादं चाक हवेत गेलं तरी तो काम करतो. पण पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवलं की तो कटकटतो, त्याला वेगळं ऑइल लागतं, ते वारंवार बदलावं लागतं, आणि चकत्या झिजल्या की पुन्हा उघडावा लागतो. कामाला जायची, आईला दवाखान्यात न्यायची गाडी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

हेलिकल डिफमध्ये चकत्या नसतात. तिरक्या दातांच्या छोट्या पिनियन घराच्या खोबणीत मोकळ्या बसवलेल्या असतात. टॉर्क आला की त्या तिरक्या दातांमुळे त्या खोबणीच्या भिंतींवर आणि टोकांच्या वॉशरवर दाबल्या जातात आणि त्या घर्षणातूनच टॉर्क कमी-जास्त वाटला जातो. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की गाडी जवळजवळ साध्या डिफसारखी वागते. आवाज नाही, झीज फार कमी, गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल चालतं. त्याची एक मर्यादा मात्र आधी समजून घ्यावी. तो एका चाकाच्या टॉर्कला गुणतो. एक चाक पूर्ण हवेत असेल तर तिथला टॉर्क शून्य, आणि शून्याची अडीचपट शून्यच. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीला याच तत्त्वाचे टॉर्सन डिफ असतात, आणि तिच्या ड्रायव्हरांना चाक सुटलं की अॅक्सिलरेटर न सोडता ब्रेक हलका दाबायला शिकवतात, म्हणजे त्या चाकावर गुणण्यापुरता भार येतो. आपल्या गाडीतली ईएसपी तेच काम आपोआप करते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी हेलिकल डिफ आणि मूळची ईएसपी ही जोडी मला सगळ्यात शहाणी वाटते. ईएसपी कायमची बंद करून द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

बसवण्याचं काम किती मोठं, हा पुढचा प्रश्न. जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं उदाहरण देते, कारण त्या दीड लिटरच्या, 106 अश्वशक्तीच्या गाडीचे दर्दी आमच्याकडे अजून आहेत, आणि माझ्या मते तिच्याइतक्या डिफला न्याय देणाऱ्या जुन्या गाड्या आपल्या देशात कमी आहेत. ड्राइव्हशाफ्ट काढायचे, गिअरबॉक्स उतरवायचा, केस दोन भागांत उघडायची, डिफ बाहेर घ्यायचा. त्यावर क्राऊन बोल्टनं बसवलेला असतो, आणि होंडाचे हे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. नवखा मेकॅनिक सवयीप्रमाणे सोडवायला जातो आणि प्रत्यक्षात आवळत राहतो, शेवटी बोल्टचं डोकं तुटतं. काही जर्मन गिअरबॉक्सना बोल्टऐवजी रिव्हेट असतात, ते ड्रिलनं काढून कडक स्टीलचे बोल्ट घालावे लागतात. क्राऊन नव्या डिफवर चढवायचा, बोल्ट आडवे-तिडवे क्रमानं टॉर्क रेंचनं आवळायचे, बेअरिंग नवी प्रेसनं बसवायची. जुनी बेअरिंग पुलरनं ओढून पुन्हा वापरणं ही काटकसर नव्हे.

यानंतर येतो तो भाग, ज्यात घाई करणाऱ्याचं काम सहा महिन्यांत परत येतं. नव्या डिफची रुंदी जुन्याच्या केसभर वेगळी असू शकते. केसमध्ये तो किती सैल किंवा किती घट्ट बसतो हे फीलर गेजनं मोजायचं आणि योग्य जाडीची शिम निवडायची. सैल राहिला तर क्राऊनचे दात ओरडतात, घट्ट झाला तर बेअरिंग जळतात. इथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलायचं असतं. माझे वडील गिअर कटिंग करायचे, मायक्रोमीटर दुसऱ्याच्या हाती देत नसत, आणि शिम मोजायला बसले की मीही माझा कुणाला देत नाही. सील नवी, ड्राइव्हशाफ्टचे सर्क्लिप नवे, ऑइल नवं. मग चाकं हातानं फिरवून बघायची. दोन माणसं असली तर सगळं मिळून दोन दिवस धरून चालावं. हेलिकल डिफ बाहेरून मागवला तर आयात शुल्क धरून खर्च लाखाच्या पुढे जातो, त्यात क्लच बदलायचा असेल तर त्याच उघडण्यात करून घ्यावा.

लाख रुपये म्हटल्यावर मुलं मागे सरतात. मग मला अलाइनमेंट, टायर आणि बुश यांबद्दल बोलावं लागतं. लोअर आर्मचे बुश फाटलेले, इंजिनाचं माउंटिंग बसलेलं आणि टायर कडक झालेले असतील तर जगातला सर्वोत्तम डिफसुद्धा गाडी सुधारणार नाही, उलट जास्त ओढताण दाखवेल. पहिला खर्च टायरचा, दुसरा पुढच्या सस्पेन्शनच्या दुरुस्तीचा, तिसरा डिफचा. या तीन गोष्टी झाल्या आणि तरीही ताकद कमी वाटली, तर रिमॅपवाल्याचा पत्ता मी स्वतः देईन.

आपल्या रस्त्यांवर या डिफचे तोटे काय, हे न सांगता विकणारे आहेत, म्हणून ते सविस्तर सांगते. आपल्याकडचा दुपदरी रस्ता घ्या. डांबराची कड तुटलेली, पलीकडे मुरमाची साइडपट्टी. समोरून एसटी आली, तुम्ही डावीकडे घेतलं, डावं चाक मुरमावर गेलं आणि तुम्ही अॅक्सिलरेटर तसाच ठेवला. साध्या डिफच्या गाडीत डावं चाक थोडं फिरलं असतं आणि तेवढ्यावर भागलं असतं. लिमिटेड स्लिप डिफ उजव्या, डांबरावरच्या चाकाला जास्त टॉर्क देतो. ते चाक पुढे रेटतं आणि गाडीचं नाक डावीकडेच, साइडपट्टीकडे वळतं. स्टेअरिंगही त्याच बाजूला ओढतं. गाडी जितकी ताकदीची, तितकी ही ओढ जोरात. उपाय साधा आहे: दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि अशा जागी पाय हलका. पण तो अंगवळणी पडायला हवा. एका हातानं चालवत दुसऱ्या हातात मोबाइल धरणाऱ्यानं हा डिफ बसवू नये.

वळणातली सवयही बदलावी लागते. पुढच्या चाकांवरची गाडी बाहेर सरकायला लागली की आपण पाय काढतो, ही सगळ्यांची सवय. डिफ असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यापासून पुढे पाय हळूहळू दाबत न्यायचा असतो. बाहेरच्या चाकाचा जादा जोर नाकाला आत ओढतो. पहिल्यांदा हे अनुभवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार आवडतो, कारण इंजिनात काही न बदलता गाडी बदललेली असते. पण हे गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात शिकायचं नाही. तिथं पावसाळ्यात दरडीची माती रस्त्यावर असते, धुक्यात समोरचं दिसत नाही, आणि समोरून येणारा माणूस तुमचा ट्रॅक डे खेळायला आलेला नसतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. लांब पडतात हे खरं, पण घाटाला पर्याय अशा ट्रॅकांचाच आहे.

डिफ वेल्ड करून आणलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. आतले स्पायडर गिअर वेल्डिंगनं एकमेकांना चिकटवून टाकायचे, म्हणजे डिफच संपला. मातीवरच्या स्पर्धेसाठी ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीत कुणी हे करत असेल तर त्याचा तो जाणे. रस्त्यावर चालणाऱ्या, पुढच्या चाकांवरच्या गाडीत हे करणं गुन्हा आहे असं मी मानते. ओल्या वळणावर अशी गाडी सरळ जाते. ड्राइव्हशाफ्ट तुटतात, आणि तुटतात ते नेमके भार सगळ्यात जास्त असताना. अशी गाडी माझ्याकडे आली की मी वेल्ड केलेला डिफ काढून साधा बसवते, नाहीतर गाडी परत पाठवते.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांचा गाभा असा, की नोंदणी पुस्तिकेतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. गिअरबॉक्सच्या आतला डिफ त्या पुस्तिकेत नोंदलेला नसतो. तरी मी प्रत्येक ग्राहकाला सांगते, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. वॉरंटीतल्या गाडीचा गिअरबॉक्स बाहेर उघडला तर त्याच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी हवी. कंपनीनं कारखान्यातच डिफ दिला, तर यातली एकही कटकट उरत नाही.

आणि कंपन्यांना तो महाग पडतो हे कारण मला मान्य नाही. व्हर्नन ग्लीसमन यांनी टॉर्सनचं मूळ पेटंट 1958 मध्ये घेतलं, ते केव्हाच संपलं. महिंद्रानं थारच्या मागच्या एक्सलला यांत्रिक लॉकिंग डिफ देऊन दाखवलाच आहे. म्हणजे ग्राहकाला फरक समजावून सांगितला तर तो त्यासाठी पैसे मोजतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्या देशभरातल्या वाहन कंपन्यांना कास्टिंग देतात, इथं आणि पुण्यात गिअर कापणारे, घासणारे, केस हार्डनिंग करणारे कारखाने आहेत. हेलिकल डिफला लागतं काय? चांगलं 20एमएनसीआर5 किंवा ईएन36 स्टील, दातांना साठच्या आसपास रॉकवेल कडकपणा, खोबणीचं अचूक मशिनिंग, आणि वॉशरच्या घर्षणावर धीरानं केलेले प्रयोग. अवघड आहे ते शेवटचं. टॉर्क किती पटीनं वाटला जाईल हे दातांच्या कोनाइतकंच त्या वॉशरवर ठरतं, आणि ते कागदावरच्या ड्रॉइंगमधून कळत नाही, टेस्ट रिगवर तासन्‌तास फिरवून कळतं. पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था आहे. उद्यमनगरातले दोन-तीन गिअरवाले एकत्र आले तर रिगचा खर्च वाटून घेता येईल.

सुरुवात व्हर्टस-स्लावियाच्या सहा गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सपासून करावी असं माझं मत आहे. ती गाडी रस्त्यावर भरपूर आहे, तिचं इंजिन डिफची गरज रोज दाखवतं, आणि तिचे मालक रिमॅपवर खर्च करायला आधीच तयार असतात. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार पाहणाऱ्या एफएमएससीआय या संघटनेनंही आपल्या रॅली आणि सर्किटच्या स्पर्धांत एखादा वर्ग असा ठेवावा, की जिथं देशात बनलेला, ठरावीक किमतीच्या आतला हेलिकल डिफ सगळ्यांना सारखा मिळेल आणि इंजिन मूळचंच राहील. नाशिकच्या रॅलीत असा वर्ग धावला, तर कुठल्या डिफचे वॉशर किती टिकतात हे एका हंगामात सगळ्यांना कळेल. माझ्याकडे हॉबिंगचं मशिन आहे, वडिलांच्या वेळचं, अजून अचूक. केस हार्डनिंगवाला शेजारच्या गल्लीत आहे. ज्या गिअरवाल्यांना यात यायचं असेल, त्यांनी डिसेंबरच्या आत यावं, कारण गळीत ऐन भरात आलं की आमच्याकडची सगळी मशिनं साखर कारखान्यांच्या गिअरबॉक्सना लागतात.